एक नोंदवही, अनेक यंत्रे



कामगार संघटनेच्या माणसाला व्याख्यानमालेत बोलावले, म्हणजे तो बोनसवर, महागाईभत्त्यावर, फार तर एखाद्या संपाच्या इतिहासावर बोलेल अशी साधारण अपेक्षा असते. माझा आजचा विषय ऐकून आपल्यापैकी काहीजणांना वाटेल, की हा मनुष्य वाट चुकून भलत्याच व्यासपीठावर आला. विषय आहे जुना डेटाबेस, म्हणजे संगणकात भरून ठेवलेली जुनी नोंदवही. आणि ती एकच नोंदवही निरनिराळ्या जातींच्या संगणकांना मिळून कशी वापरता येईल, हा प्रश्न.

विषय यंत्राचा खरा. पण त्याचा पोटाशी काय संबंध आहे, तो आधी सांगतो. ग्रॅच्युइटीचा हिशोब १९७२ च्या कायद्याने घालून दिला : नोकरीच्या प्रत्येक पुऱ्या वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. यातला पगाराचा आकडा कामगाराला तोंडपाठ असतो. वर्षे किती भरली हेही तो छातीठोकपणे सांगतो. पण वाद पडला म्हणजे ऐकले जाते ते नोंदवहीचे. १९९५ च्या पेन्शन योजनेत दहा वर्षांची सेवा नोंदलेली असेल तर महिन्याचे पेन्शन बसते. नसेल तर एकदाच काही रक्कम हाती पडते आणि विषय संपतो. नोंदवहीतली एक ओळ गहाळ झाली, तर एका माणसाचे म्हातारपण बदलते.

नोंदवही कागदाची होती तोवर तिचे शत्रू म्हणजे वाळवी, ओल आणि आग. आता ती संगणकात गेली. संगणक पाच-सात वर्षांत मोडीत निघतो, त्यावरचा कार्यक्रम त्याच्याही आधी जुना ठरतो. आणि माणसाची नोकरी तर तीस-पस्तीस वर्षे चालते. यंत्राचे आयुष्य लहान आणि नोंदीचे मोठे, ही तफावत आजच्या विषयाचे मूळ आहे.

आमच्या चळवळीचे आणि संगणकाचे भांडण जुने आहे. १९६० च्या दशकात आयुर्विमा महामंडळात संगणक येऊ घातला, तेव्हा कलकत्त्याच्या कर्मचाऱ्यांनी तो इमारतीत शिरू नये म्हणून रात्र रात्र पहारे दिले. १९८३ साली बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी बँकांशी करार केला आणि यंत्रे कोणत्या अटींवर यावीत ते कागदावर आणले. यंत्र यावे की न यावे हा वाद आता इतिहासजमा झाला आहे. आजचा प्रश्न निराळा आहे : यंत्रात गेलेली नोंद कोणाच्या हाती राहते, आणि ते यंत्र गेल्यावर ती वाचणार कोण?

मी संगणकशास्त्र शिकलेला नाही. दहावीनंतर शाळा सुटली आणि कारखान्याची पाळी लागली. जे सांगणार आहे ते संघटनेच्या कचेरीतली सभासदांची नोंदवही एका यंत्रावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर वाहून नेताना, पुस्तके चाळून आणि जाणत्या मुलांना विचारून गोळा केलेले आहे. तेव्हा भाषा मिस्त्रीची असेल, पंडिताची नसेल.

वहीच्या पोटात काय असते

कारखान्याचे मस्टर आपण पाहिले असेल. उभे रकाने : टोकन नंबर, नाव, खाते, कामावर लागल्याची तारीख. आडव्या ओळी : एका माणसाला एक. डेटाबेस म्हणजे मुळात हेच. १९७० साली आय.बी.एम. कंपनीतील एडगर कॉड यांनी असा विचार मांडला, की माहिती तक्त्यांच्या रूपाने ठेवावी, आणि तो तक्ता यंत्राच्या पोटात कोणत्या कोपऱ्यात कसा रचला आहे हे वापरणाऱ्याला ठाऊक असण्याची गरज पडू नये. आजचे बहुतेक मोठे डेटाबेस या विचारावर उभे आहेत. तो विचार ध्यानात ठेवावा, कारण पुढे आपल्याला त्याच्याकडेच परत यावयाचे आहे.

पण लहान कचेऱ्यांत नोंदवही शिरली ती दुसऱ्या दाराने. वेन रॅटलिफ नावाच्या अमेरिकन अभियंत्याने १९७० च्या दशकाच्या अखेरीस एक कार्यक्रम लिहिला. अॅश्टन-टेट कंपनीने तो 'डीबेस टू' या नावाने बाजारात आणला. 'डीबेस वन' कधी नव्हताच. दुसरी आवृत्ती म्हटले म्हणजे माल सुधारलेला वाटतो, एवढाच त्यातला हिशोब! १९८४ साली 'डीबेस थ्री' आला. त्याच्याच वळणावर क्लिपर, फॉक्सबेस आणि पुढे फॉक्सप्रो निघाले. आपल्याकडेही १९९० च्या आगेमागे ज्या कचेऱ्यांत, पतसंस्थांत आणि पगारखात्यांत पहिले संगणक आले, त्यांतल्या कितीतरी ठिकाणी नोंदी भरल्या गेल्या त्या याच घराण्यात. फॉक्सप्रो बनविणारी कंपनी मायक्रोसॉफ्टने १९९२ साली विकत घेतली. २००७ साली पुढची आवृत्ती काढणार नाही असे जाहीर केले. आणि २०१५ च्या जानेवारीत राहिलेला आधारही काढून घेतला. कार्यक्रम असा अनाथ झाला, पण त्यात भरलेल्या नोंदी अनाथ होऊन चालत नाही.

या घराण्याच्या फाइलीला डीबीएफ म्हणतात. तिची रचना समजण्याजोगी साधी आहे. संगणकाची स्मृती म्हणजे ओळीने मांडलेली घरे असे समजा. एका घराला बाइट म्हणतात आणि त्यात ० पासून २५५ पर्यंतचा एक आकडा बसतो. फाइलीचे पहिले घर ती कोणत्या जातीची ते सांगते. पुढच्या तीन घरांत शेवटच्या बदलाची तारीख. पुढच्या चार घरांत एकूण ओळी किती. मग दोन घरांत या प्रस्तावनेची लांबी आणि आणखी दोन घरांत एका ओळीची लांबी. अशी प्रस्तावनेची ३२ घरे. त्यानंतर प्रत्येक रकान्यासाठी आणखी ३२ घरे : रकान्याचे नाव, त्यात मजकूर आहे की संख्या की तारीख, आणि त्याची रुंदी. बारा रकान्यांची वही असेल, तर ३२ आणि ३८४ मिळून ४१६, आणि 'प्रस्तावना संपली' या खुणेचे एक घर मिळून ४१७. चारशे सतरा घरे ओलांडली की माणसांच्या ओळी सुरू होतात.

प्रत्येक ओळीचे पहिले घर विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. ते रिकामे असेल तर ओळ जिवंत. तेथे तारका असेल तर ओळ खोडलेली. म्हणजे या वहीत 'खोडले' म्हटल्याने नोंद जात नाही. कपाळावर फक्त तारका पडते. 'पॅक' ही आज्ञा दिल्यावरच ती खरोखर पुसली जाते. ज्याला नोंद शोधावयाची आहे त्याला हे वरदान आहे. पण तारकेचा अर्थ न जाणणारा परका कार्यक्रम ही फाइल वाचू लागला, तर कधीच सोडून गेलेली माणसे पुन्हा कामावर हजर दिसू लागतात.

रचना इतकी साधी आणि सर्वांना माहीत असल्यामुळेच ती तिच्या जन्मदात्यांना पुरून उरली. नकाशांच्या कामात शेपफाइल नावाचा प्रकार आजही वापरतात. त्यातला माहितीचा तक्ता डीबीएफच असतो. लिबरऑफिससारखा फुकट मिळणारा कार्यक्रमही ही फाइल उघडतो. जी वही दुसऱ्याला वाचता येते ती जगते, ही या इतिहासाची शिकवण आहे.

यंत्रे कोठे अडतात

मग अडचण कोठे येते? पहिली अडचण आकडे मांडण्याच्या रीतीची. आपण पंचवीस लिहिताना २ आधी आणि ५ मागून लिहितो. पण उच्चारताना 'पंच' आधी आणि 'वीस' मागून म्हणतो. दोन्ही रीती बरोबर. मात्र ऐकणाऱ्याला रीत माहीत हवी. संगणकांचेही तसेच आहे. मोठी संख्या चार घरांत ठेवताना काही यंत्रे लहान भाग आधी ठेवतात, काही मोठा भाग आधी ठेवतात. डॅनी कोहेन या शास्त्रज्ञाने १९८० साली या दोन पक्षांना स्विफ्टच्या 'गलिव्हर'मधली नावे दिली. त्या कथेत अंडे कोणत्या टोकाने फोडावे यावरून युद्धे होतात. डीबीएफमध्ये लहान भाग आधी असतो. वहीत १००० ओळी असतील आणि दुसऱ्या पक्षाच्या यंत्राने तीच चार घरे आपल्या रीतीने वाचली, तर त्याला दिसतात ३८९ कोटी २५ लाख १० हजार ७२० ओळी! एवढी सभासदसंख्या जगातल्या कोणत्याही संघटनेची नाही. अशी ढळढळीत चूक निदान लगेच पकडली जाते. घात होतो तो लहान, सभ्य दिसणाऱ्या चुकांनी.

तशी एक चूक तारखेची. डीबीएफच्या पोटात तारीख आठ अंकांनी लिहिलेली असते : आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. तेथे गोंधळाला जागा नाही. गोंधळ होतो तो पडद्यावर दाखवताना आणि कागदावर उतरवताना. ५/६/९१ म्हणजे आपल्या लेखी ५ जून. अमेरिकन वळणाच्या कार्यक्रमाच्या लेखी ६ मे. शिवाय वर्षाचे दोनच अंक उतरले, तर शतक कोणते हे वाचणारे यंत्र अंदाजाने ठरवते. एक्सेल साधारणपणे ०० ते २९ ही वर्षे एकविसाव्या शतकात आणि ३० ते ९९ विसाव्या शतकात टाकते. म्हणजे १९२८ साली जन्मलेल्या निवृत्त कामगाराचा जन्म २०२८ साली व्हावयाचा ठरतो, आणि त्याच्या विधवेचा अर्ज 'वयात विसंगती' असा शेरा मारून परत येतो.

दुसरी तशीच चूक क्रमांकांची. टोकन नंबर ००४१७ हा तक्त्याच्या कार्यक्रमात गेला की पुढची शून्ये गळून ४१७ राहतो. कारण यंत्राला वाटते ही संख्या आहे, तर प्रत्यक्षात ते नाव आहे. बारा अंकी क्रमांक संख्या म्हणून घातला, तर पडद्यावर तो आखडून भलत्याच रूपात दिसतो. सोळा अंकी किंवा त्याहून लांब बँक खात्याचे तर पंधरा अंकांपुढचे अंक शून्य होऊन जातात. ज्याची बेरीज-वजाबाकी कधी करावयाची नाही ती संख्या नव्हे, तो मजकूर; एवढा एक नियम पाळला तरी कितीतरी हेलपाटे वाचतील.

अक्षरांचा प्रश्न

तिसरी अडचण अक्षरांची, आणि ती मराठी माणसाला अधिक जाचक आहे. संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. कोणत्या अक्षराला कोणता आकडा, हे ठरावाने ठरते. अमेरिकेत १९६३ साली आस्की हा ठराव झाला. त्यात इंग्रजी 'ए'ला ६५. आय.बी.एम.ने आपल्या मोठ्या यंत्रांसाठी एब्सिडिक हा निराळा ठराव चालवला. त्यात 'ए'ला १९३. आस्कीत अंक आधी आणि कॅपिटल अक्षरे नंतर. एब्सिडिकमध्ये अक्षरे आधी आणि अंक नंतर. म्हणजे एकच यादी दोन यंत्रांवर क्रमाने लावली, तर क्रमही निराळा येतो.

आपल्या लिप्यांसाठी भारतीय मानक संस्थेने १९९१ साली इस्की हा ठराव मान्य केला. पहिले १२८ आकडे इंग्रजीला तसेच ठेवून वरचे भारतीय अक्षरांना दिले, 'क'ला १७९. पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट कार्डाने त्या काळच्या साध्या संगणकावर मराठी नोंदी शक्य झाल्या. पण बाजारात दुसरीही एक रीत रुळली. ती अशी, की इंग्रजी अक्षरांच्याच आकड्यांवर मराठी अक्षरांची चित्रे बसवावयाची आणि त्याला फाँट म्हणावयाचे. ज्या यंत्रावर तो फाँट आहे तेथे 'सखाराम' दिसतो. जेथे नाही तेथे अर्थहीन इंग्रजी अक्षरांचा काला. वहीत 'सखाराम' लिहिलेला नसतोच. वहीत काला असतो आणि 'सखाराम' हा केवळ मुखवटा असतो. अशी वही दुसऱ्याला देताना प्रत्येक फाँटसाठी निराळा उलटतक्ता करावा लागतो.

युनिकोडने जगातल्या लिप्यांना प्रत्येकी स्वतंत्र जागा दिली आणि हा घोळ पुष्कळसा मिटवला. तरीही जुनी वही आणि नवी लिपी यांचा सांधा जपून जोडावा लागतो. जुन्या वहीत नावाचा रकाना समजा ३० घरांचा आहे. इस्कीत एका अक्षरखुणेला एक घर पुरत असे. युनिकोडच्या आज सर्वत्र चालणाऱ्या यूटीएफ-८ या मांडणीत देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन घरे लागतात. 'ज्ञानेश्वर' या नावात व्यंजने, काने, मात्रा आणि पाय मोडल्याच्या खुणा मिळून दहा खुणा आहेत. दहा त्रिक तीस. ज्ञानेश्वर लिहिला की रकाना भरला. बापाचे नाव आणि आडनाव दाराबाहेर! यंत्र तक्रार करत नाही. ते मुकाट्याने कापून टाकते.

आणखी एक गंमत पाहा. 'कऱ्हाडे' या आडनावातला रफार युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. यंत्राला मात्र ती दोन निराळी आडनावे वाटतात, आणि एका वहीतले कऱ्हाडे दुसऱ्या वहीत सापडत नाहीत.

वाटून घेण्याच्या रीती

आता वही वाटून कशी घ्यावी? रीती मुख्यतः चार आहेत.

पहिली रीत नकलेची. जुन्या वहीची साधी मजकूर-फाइल काढावयाची, रकान्यांमध्ये स्वल्पविराम घालावयाचे, आणि ती ज्याला हवी त्याला द्यावयाची. हिला सीएसव्ही म्हणतात. जगातले जवळजवळ प्रत्येक यंत्र ही वाचू शकते, हा तिचा मोठा गुण. दोष दोन. तारखा, शून्ये आणि अक्षरे यांचे वर सांगितलेले सारे अपघात याच रस्त्यावर होतात. आणि महिन्याभरात मूळ वही एक सांगते, नक्कल दुसरेच सांगते. मग खरी कोणती?

दुसरी रीत एकाच फाइलीची. वही एका ठिकाणी ठेवावयाची आणि सगळ्या यंत्रांनी तारेतून तीच उघडावयाची. सकाळी दहा वाजता एका कारकुनाने सखारामची ओळ पत्ता बदलण्यासाठी उघडली. दुसऱ्याने तीच ओळ वर्गणी मांडण्यासाठी उघडली. पहिल्याने आपली ओळ परत ठेवली. दुसऱ्याने मागून आपली ठेवली. तिच्यात जुनाच पत्ता होता. पहिल्याचे काम गेले, आणि दोघांपैकी कोणालाही पत्ता लागला नाही! यावर उपाय म्हणून जुन्या कार्यक्रमांत ओळीला किंवा साऱ्या वहीला कुलूप घालण्याची सोय असते. पण ते कुलूप सर्व यंत्रांनी मानले तर कुलूप; निराळ्या जातीचे यंत्र ते ओळखेलच असे नाही. शिवाय वेळ वाचावा म्हणून काही यंत्रे वहीचा तुकडा आपल्यापाशी धरून ठेवतात आणि सवडीने परत लिहितात. मध्ये वीज गेली की वही मोडते.

याच रीतीत सूचीचाही धोका आहे. मोठ्या वहीत नाव चटकन सापडावे म्हणून निराळ्या फाइलीत सूची ठेवलेली असते. सूचीची ओळख नसलेल्या कार्यक्रमाने वहीत नवी ओळ घातली, तर ओळ वहीत असते पण सूचीत नसते. कारकून नाव शोधतो आणि 'तुमची नोंदच नाही' असे सांगतो. खिडकीपुढे उभा असलेला मनुष्य वहीत असून नसल्यासारखा होतो.

तिसरी रीत राखणदाराची. वही कोणीही थेट हाताळावयाची नाही. तिच्यापाशी एकच कार्यक्रम बसवावयाचा, पेढीवरच्या मुनिमासारखा. ज्याला जे हवे त्याने मुनिमाला विचारावे, मुनीम वही पाहून उत्तर देईल. बदल करावयाचा तर मुनीमच लिहील, एका वेळी एकाचा. विचारण्यासाठी एसक्यूएल नावाची सर्वमान्य भाषा आहे, आणि निरनिराळ्या यंत्रांसाठी ओडीबीसीसारखे दुभाषे १९९० च्या दशकापासून मिळतात. कॉडचा विचार येथे फळाला येतो : विचारणाऱ्याला वही पोटात कशी रचली आहे हे ठाऊक असण्याची गरज उरत नाही.

चौथी रीत स्थलांतराची : जुनी वही कायमची नव्या घरात नेऊन ठेवावयाची. शेवटी हे करावेच लागते. मात्र जुनी वही फेकू नये. तिच्या दोन-तीन प्रती काढून, त्यांवर यापुढे काही लिहिता येणार नाही अशी व्यवस्था करून, निरनिराळ्या ठिकाणी ठेवाव्यात. नवी वही कामासाठी, जुनी पुराव्यासाठी.

माझा अनुभव असा, की लहान संस्थेने तिसरी आणि चौथी रीत एकत्र करावी, आणि पहिली फक्त टपालासारखी, एका दिशेने वापरावी. दुसरी मात्र, यंत्रे निरनिराळ्या जातींची असतील तर, टाळलेली बरी.

'बी' म्हणजे काय?

येथवर सांगितले ते यंत्राचे. पण आकडे जुळले, अक्षरे जुळली, तारखा जुळल्या, तरी वही वाटली गेली असे होत नाही. एक प्रसंग सांगतो. एका कारखान्याचे मालक बदलले. जुन्या संगणकातली वही नव्या मालकाच्या संगणकात गेली. एकही ओळ हरवली नाही, एकही अक्षर बिघडले नाही. तरी ग्रॅच्युइटीच्या वेळी काही जुन्या कामगारांच्या सेवेत मोठी खिंडारे निघाली. जुन्या वहीत त्यांच्या सुरुवातीच्या वर्षांपुढे एका रकान्यात 'बी' हे इंग्रजी अक्षर होते. नव्या कचेरीने त्याचा अर्थ 'बडतर्फ' असा लावला. जुन्या कचेरीत त्याचा अर्थ होता 'बदली', म्हणजे बदली कामगार. दोन्ही शब्द 'ब'नेच सुरू होतात, आणि दोन्हींमध्ये भाकरीचा फरक आहे! निकाल लागला तो एका निवृत्त टाइमकीपरने घरी जपून ठेवलेल्या, हाताने लिहिलेल्या संकेतांच्या तक्त्यामुळे. तो कागद नसता, तर संगणकातले सारे बिनचूक आकडे मिळून खोटे बोलले असते.

मला वाटते, या विषयाचे मर्म येथे आहे. दोन यंत्रांत तार जोडणे म्हणजे दोन पक्षांना एका टेबलाशी बसवणे. टेबलाशी बसले म्हणजे समझोता झाला असे नव्हे. समझोता होतो तो शब्दाशब्दाचा अर्थ लिहून दोघांनी मान्य केल्यावर. वही वाटून घेणे हा जोडणीचा प्रश्न थोडा, कराराचा अधिक.

असा करार करावयाचा झाल्यास त्यात कोणती कलमे असावीत? लिहिणारा एक, वाचणारे अनेक. कोणत्या रकान्यात कोण लिहील ते नावानिशी ठरलेले. प्रत्येक रकान्याचा आणि प्रत्येक संकेताचा अर्थ साध्या मराठीत लिहून वहीबरोबरच ठेवलेला. माणसाची ओळख नावावर नव्हे, कधी न बदलणाऱ्या क्रमांकावर; भविष्यनिर्वाह निधीने २०१४ पासून दिलेला बारा अंकी क्रमांक याच गरजेतून आला, कारण नोकरी बदलली की खाते बदलत होते आणि एकाच माणसाच्या नोंदी चार ठिकाणी विखुरत होत्या. दुरुस्ती करावयाची ती पुसून नव्हे, तर सातबाराला फेरफार नोंदवतात तशी : केव्हा, कोणी, काय बदलले याची ओळ लिहून. आणि देवाणघेवाण होईल त्या प्रत्येक वेळी दोन्हीकडच्या ओळी मोजून, वर्गणीच्या रकान्याची बेरीज ताडून पाहावयाची. रोकड मोजल्याशिवाय खजिनदार पावती देत नाही. नोंदी मोजल्याशिवाय कारकुनाने तरी का द्यावी?

येथे एका शंकेचे उत्तर दिले पाहिजे. वाटून घ्यावयाचे म्हणजे सर्वांना सर्व उघडे करावयाचे काय? मुळीच नाही. संघटनेच्या सभासदांची यादी भलत्या हाती गेली, तर उद्या कोणाची बदली होईल आणि कोणाचा ओव्हरटाइम बंद होईल, हे मी या सभेत सांगण्याची गरज नाही. राखणदाराची रीत मला पसंत आहे ती याही कारणाने. मुनीम विचारलेल्या प्रश्नापुरतेच उत्तर देतो, आणि कोणाला काय द्यावयाचे नाही तेही त्याला बजावून ठेवता येते. फाइलच हाती दिली, की असा काही विवेक उरत नाही.

मात्र एका माणसापासून त्याची नोंद कधीही लपवता कामा नये, आणि तो म्हणजे ती ज्याची आहे तो मनुष्य. संसदेने २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. आपल्याविषयी काय लिहिले आहे ते विचारण्याचा आणि चुकीचे असेल तर दुरुस्त करून घेण्याचा हक्क त्यात लिहिला आहे. कायद्यातला हक्क आपोआप कामगाराच्या दारी चालत येत नाही, हे आम्हाला जुनेच ठाऊक आहे. म्हणून संघटनांच्या मागणीपत्रांत पगार आणि रजा यांच्याबरोबर आणखी एक कलम घालावे असे मी सुचवतो : दर वर्षी प्रत्येक कामगाराला त्याच्या सेवेची नोंद, त्याला वाचता येईल अशा भाषेत, कागदावर मिळावी, आणि कारखाना नवा संगणक घेईल तेव्हा जुन्या वहीची प्रत, तिच्या अर्थाच्या तक्त्यासह, दोन्ही पक्षांच्या सह्यांनी जपून ठेवावी.

ज्यांच्या घरात अजून एखादा जुना संगणक माळ्यावर पडला असेल, ज्यांच्या पतसंस्थेच्या किंवा सोसायटीच्या कपाटात जुन्या फ्लॉपी आणि सीडी असतील, त्यांना माझी विनंती आहे. त्या भंगारात देण्यापूर्वी एखाद्या जाणत्या मुलाला बसवा आणि वही बाहेर काढा. ती बहुधा निघते. मग ज्याने ती भरली तो कारकून हयात असेल तोवर त्याच्याकडे जा, आणि प्रत्येक रकान्याचा अर्थ विचारून लिहून घ्या. फाइल काढण्याचे काम पुढच्या वर्षीही होईल. दुसऱ्या कामाला तितका वेळ असेलच असे नाही.